तिसरं रीळ

परबांनी माझ्या डोळ्यांदेखत पाच माणसांना मारलं. त्यांतल्या चौघांचा गुन्हा एवढाच होता की चित्रपट चालू असताना ते बोलले. पाचवा शेंगा सोलत होता. त्याच्या कानाखाली बसलेल्या चपराकीचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, आणि पडद्यावर तेव्हा कुठल्याशा परदेशी म्हातारीची प्रेतयात्रा चालली होती. मारून झालं की परब मुकाट्याने प्रोजेक्टरपाशी परत यायचे, खिशातून मलमलचा तुकडा काढायचे, आधी हात पुसायचे आणि मग लेन्स.

ही गोष्ट मुलुंडची, ऐंशीच्या दशकातली. तिथे आमची एक लहानशी फिल्म सोसायटी होती. महिन्यातून एका रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आम्ही परदेशी चित्रपट दाखवायचो. वकिलातींना पत्रं लिहून प्रिंट मागवायच्या, दाखवायच्या आणि सोमवारी परत करायच्या. मला टाइपिंग येत होतं आणि पत्र लिहायची भीती वाटत नव्हती, म्हणून मी सेक्रेटरी झाले. परब ऑपरेटर होते. मार खाल्लेले सभासद तक्रार घेऊन माझ्याकडे यायचे. मी परबांना सांगायचे, "परब, सभासदांना मारायचं नाही." ते म्हणायचे, "बरं बाई." पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्यांना काढून टाकायचा विषय कमिटीत तीनदा निघाला आणि तीनदा बारगळला, कारण वाचनालयाचं ते जुनाट मशीन दुसऱ्या कुणाच्या हाताने चालतच नसे.

त्या हातांबद्दल लिहायलाच हवं. पंजा फावड्याएवढा, बोटांच्या पेरांवर जुन्या जखमांचे वण. त्याच हाताने ते फिल्म धरायचे, फक्त कडांवरून, ओला फोटो धरावा तशी. एका रिळावरून दुसऱ्यावर जायला त्यांना दीड मिनिट लागायचं. मशीन एकच असल्यामुळे तेवढा वेळ हॉलमधले दिवे लावावे लागत. त्या दीड मिनिटातही कुणी मोठ्याने बोललेलं त्यांना खपत नसे. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "पिक्चर म्हणजे आपण दुसऱ्याच्या घरात बसलोय. दुसऱ्याच्या घरात एवढा आवाज करतात काय?" मी एकदा विचारलं, "आणि दुसऱ्याच्या घरात मारामारी करतात?" त्यावर ते बराच वेळ मशीनचा पट्टा तपासत राहिले.

आदल्या शनिवारी दुपारी, माझं ऑफिस अर्धा दिवस असायचं तेव्हा, आम्ही दोघं प्रिंट तपासून घ्यायचो. खिडक्यांना चादरी लावायच्या, ते मशीन चालवणार, मी वही घेऊन बसणार. बऱ्याच सभासदांना पडद्यावरचं इंग्रजी भराभर वाचता येत नसे, म्हणून मी मराठीत गोषवारा लिहून त्याच्या प्रती वाटायचे. परबांना तर इंग्रजी येतच नव्हतं. प्रत्येक प्रसंगाला त्यांचा प्रश्न यायचा, "काय म्हणाला?" मी सांगायचे. एकदा एक नायक स्वातंत्र्य आणि अस्तित्व यांवर पाच मिनिटं बोलला. मी घाम पुसत भाषांतर केलं. परब म्हणाले, "म्हणजे घर सोडून चाललाय. तेवढंच लिहा." मी तेवढंच लिहिलं. माझ्या गोषवाऱ्यांचं लोक कौतुक करायचे. त्यातलं अर्धं परबांचं होतं, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

ते मूळचे गिरणी कामगार. मशीन चालवायलाही गिरणीच्या कामगार केंद्रातच शिकले. राहायला भांडुपला, डोंगराच्या बाजूच्या एका चाळीत. संप सुरू झाला तशी बायकोला त्यांनी गावी पाठवलं, ती पुढे तिथेच राहिली. शेजारच्या खोलीत त्यांचा धाकटा भाऊ सदू, त्याची बायको आणि मुलगी. मधे एक फळ्यांची भिंत. त्या भिंतीपलीकडच्या माणसाशी परब चार वर्षं एक शब्द बोलले नव्हते.

हे का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं आणि तेही पट्टा बदलता बदलता. आई गेल्यावर बारा वर्षांच्या सदूला त्यांनीच मुंबईला आणलं, शिकवलं आणि स्वतःच्याच खात्यात चिकटवलं. संपाच्या नवव्या महिन्यात सदूची मुलगी आजारी पडली आणि सदू पोलिसांच्या गाडीतून कामावर गेला. फाटकाजवळच्या गल्लीत संपवाल्यांची टोळी थांबलेली असायची. परब त्या टोळीत होते. आदल्या दिवशी आत गेलेल्या एकाचा डोळा त्यांच्या साथीदारांनी फोडला होता. सदूचं नाव निघालं तेव्हा परब म्हणाले, "माझ्या भावाला मी बघतो. दुसऱ्याने हात लावायचा नाय."

"मी सळई घेतली बाई. मी नसती घेतली तर त्यांनी त्याला मारूनच टाकला असता. हे खरं हाय. पण एक फटका पुरला असता." त्यांनी नवा पट्टा चाकावर चढवला, बोटाने ताण बघितला. "मी तीन मारले."

सदूचं उजवं मनगट तीन ठिकाणी मोडलं. ते नीट बसलंच नाही. बोटं अर्धवट मिटलेली राहिली. गिरणीला तसल्या हाताचा उपयोग नव्हता. कामावर गेला म्हणून हात गेला आणि हात गेला म्हणून काम गेलं. पुढे तो एका कारखान्याच्या फाटकावर रखवालदार झाला.

मग तो डॅनिश चित्रपट आला. त्याचं नाव मला तेव्हाही उच्चारता आलं नाही. काळापांढरा, तीन रिळांचा. समुद्राजवळचं सपाट माळरान, गवताने शाकारलेलं घर, एक म्हातारी आई, दोन मुलगे, थोरल्याची बायको, गाई आणि एक घोडा. पहिल्या रिळात गवत कापतात, दूध काढतात, जेवतात. दुसऱ्या रिळाच्या शेवटी धाकटा फाटक लावायला विसरतो, घोडा दलदलीत जाऊन पाय मोडून घेतो आणि थोरल्याला तो गोळी घालून मारावा लागतो. मग थोरला खळ्यात येतो, गवत उचलायच्या काट्याचा दांडा उचलतो आणि धाकट्याला हाणतो. धाकटा तोंडावर हात घेतो. बोटं मोडतात.

परबांनी "काय म्हणाला?" विचारलं नाही. विचारण्यासारखं कुणी काही बोललंच नव्हतं. रीळ संपून फिल्मचं टोक फटफट करत फिरत राहिलं, आणि मशीन बंद करायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. शेवटी मी उठून दिवा लावला.

तिसऱ्या रिळात हिवाळा आहे. सकाळी सगळे टेबलापाशी बसतात. धाकट्याचा हात बांधलेला. थोरला पाव छातीशी धरतो, सुरीने काप काढतो, लोणी लावतो आणि ताटली त्याच्याकडे सरकवतो. तोंडाकडे बघतसुद्धा नाही. दुसऱ्या सकाळी पुन्हा तसंच. खिडकीबाहेर बर्फ पडतो, वितळतो, गाय विते, आत पाव कापणं चालूच. वसंतात पट्टी सुटते. धाकटा सुरीकडे हात नेतो. थोरला सुरी आपल्याकडे ओढून घेतो आणि पाव कापतो. मग सगळे गवत कापायला जातात. संपला चित्रपट.

"काय म्हणाला?" परबांनी विचारलं.

"काही नाही. बोलतच नाही तो."

"माफ कर, चुकलो, असं कायच नाय?"

"नाही."

"मग बरोबर," ते म्हणाले. त्यांनी तिसरं रीळ उलटं गुंडाळून पुन्हा लावलं. मला घरी जायचं होतं, स्वयंपाक पडला होता, पण मी बसले. दुसऱ्यांदा बघून झाल्यावर ते म्हणाले, "बाई, सदूला उद्या बोलवाल? मी बोलवला तर नाय यायचा. मला काय बोलता येणार नाय. हे बघितलं तर त्याला कळेल."

मी त्याच संध्याकाळी भांडुपला गेले. सदू दारात बसून डाव्या हाताने कंदिलाची काच पुसत होता. मी कोण, कशाला आले, ते सांगितलं. तो पलीकडच्या खोलीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "त्याला सांगा, माझा हात परत आणून दे. मग येतो पिक्चरला!"

"तुमच्या भांडणात मला रस नाही," मी म्हटलं. "पास इथे ठेवते. साडेनऊ वाजता. उशिरा आलात तर आत घेणार नाही."

त्याच्या बायकोने आतून विचारलं, "पिक्चरात काय हाय?"

"गाई आहेत," मी म्हटलं.

आता माझी चूक. त्या महिन्यात वाचनालयाची रंगरंगोटी चालली होती, म्हणून आम्ही भाजीबाजाराजवळचा एक लग्नाचा हॉल घेतला होता. नियम असा की सेन्सॉरचं सर्टिफिकेट नसलेली प्रिंट दाखवताना तसा फलक लावायचा. मी नियम पाळणारी बाई. वाचनालयात हा फलक जिन्याच्या आत असायचा, तो आमच्याखेरीज कुणी वाचत नसे. इथे तो भररस्त्यावर आला. माझ्या सुवाच्य अक्षरात, खडूने: ‘डेन्मार्कचा चित्रपट. सेन्सॉर न झालेला. फक्त प्रौढांसाठी.’ डेन्मार्क म्हटल्यावर त्या काळी पुरुषांच्या डोक्यात काय यायचं, हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या नवऱ्याला ठाऊक होतं. त्याने ते मला सोमवारी सांगितलं.

रविवारी नऊ वाजता दाराशी गर्दी. दारावर तात्पुरतं सभासदत्व द्यायची आमची पद्धत होती आणि आमच्या खजिनदारांना अचानक वाढलेल्या सांस्कृतिक जाणिवेचा आनंद झाला होता. त्यांनी सगळ्यांना आत घेतलं. आमचे नेहमीचे चाळीस सभासद त्या गर्दीत हरवून गेले. साडेनऊला दोन मिनिटं असताना सदू आला, इस्त्रीचा सदरा घालून, उजवा हात खिशात. मी त्याला तिसऱ्या रांगेत बसवलं. परबांनी त्याला बघितलं आणि मशीनकडे तोंड फिरवलं.

पहिलं रीळ लोकांनी आशेवर काढलं. थोरल्याची बायको दूध काढायला खाली बसली तेव्हा शिट्ट्या आल्या. गाय वळली तेव्हा हशा पिकला. परबांची मान ताठ झाली, पण ते जागचे हलले नाहीत. दुसऱ्या रिळात खुर्च्या वाजायला लागल्या. दांडा पडला, बोटं मोडली, तेव्हा मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. सदूने खिशातला हात बाहेर काढून मांडीवर ठेवला होता.

रीळ संपलं, दिवे लागले. परबांनी तिसऱ्या रिळाचा डबा उघडला, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "ए, असली रीळ लपवलीय यांनी!"

हे समजावून सांगायला हवं. त्या वेळी काही टुकार थिएटरांत ऑपरेटर मधेच भलताच, नागडाउघडा तुकडा जोडून दाखवायचे. जमलेल्या लोकांना वाटलं, आमच्याकडेही तसंच काहीतरी आहे आणि आम्ही ते दाबून ठेवतोय. "गाय काय दाखवतो रे, असली काढ!" असं म्हणत पंधरा-वीस जण प्रोजेक्टरच्या टेबलावर चालून आले. मी मधे उभी राहून म्हटलं, "दुसरं काही रीळ नाही. जागेवर बसा." रिकाम्या डब्याचं झाकण माझ्या भुवईवर येऊन आदळलं. डोळ्यात रक्त उतरलं. मी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला, कारण तो नवा होता.

सगळ्यात पुढे एक जाडजूड, चट्ट्यापट्ट्याचा शर्ट घातलेला माणूस होता. परबांनी तिसरं रीळ डाव्या हाताने छातीशी घट्ट धरलं होतं. त्या माणसाने त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. परबांचा ओठ फाटला. आणि त्यांचा उजवा हात वर गेला. तो हात कसा येतो हे मी पाच वेळा पाहिलं होतं, म्हणून मी मागे सरले. हात वरच राहिला. मग मूठ सुटली आणि तो हात खाली येऊन मशीनवर टेकला. त्या माणसाने लोखंडी खुर्ची उचलली आणि घडी घालून त्याच हातावर घातली. एकदा, पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळचा आवाज मला अजून ऐकू येतो. परब ओरडले नाहीत. त्यांनी रीळ सोडलं नाही.

तिसऱ्यांदा खुर्ची वर गेली ती खाली आली नाही. सदू रांगेवरून उडी मारून आला होता. डाव्या हाताने त्याने त्या माणसाचे केस मुठीत धरले आणि त्याचं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. "माझ्या भावाक हात लावतंस? माझ्या भावाक?" प्रत्येक प्रश्नाला एकदा आपटलं. मग कुणीतरी परबांना मागून लाथ घातली, ते पडले, रीळ सुटलं आणि फरशीवर उलगडत, लोकांच्या चपलांखालून दारापर्यंत गेलं. दारातल्या एकाने फिल्मचं टोक उचलून उजेडात धरलं आणि म्हणाला, "यात पण पावच कापतायत यार!" मग त्याने ती चुरगाळून फेकली. मारामारी आणखी दहा मिनिटं चालली. पडदा फाटला, खिडक्या फुटल्या, आमच्या अध्यक्षांचे दोन दात पडले.

पोलीस आले आणि नेहमीप्रमाणे सर्वांत जास्त रक्त लागलेल्याला त्यांनी धरलं. म्हणजे सदूला. मी हवालदाराला म्हटलं, "यांना सोडा, यांच्याकडे पास आहे." त्याने माझ्या भुवईकडे पाहिलं आणि सोडलं.

इस्पितळात माझ्या भुवईला तीन टाके पडले. परबांच्या हाताचा चुरा झाला होता. बाकावर मी, मधे ते, पलीकडे सदू. सदू परबांच्या डोक्यावरून मला म्हणाला, "बाई, त्या धाकट्याच्या हाताचं पुढे काय झालं?"

मी सांगायला तोंड उघडलं तोच परब म्हणाले, "सांगू नका. तो बघील."

तो बघणार नव्हता. ते रीळ चिंध्या झालं होतं. मी वकिलातीला तीन पानी माफीचं पत्र लिहिलं. उत्तर आलं ते सभ्य आणि थोडक्यात: प्रिंट निकामी झाली, यापुढे चित्रपट मिळणार नाहीत. वाचनालयाने मशीन काढून घेतलं. सोसायटी तिथेच संपली.

ते उत्तर परबांना दाखवायला मी एका शनिवारी दुपारी भांडुपला गेले, आमच्या तपासणीच्या वेळी. दार उघडंच होतं. परब भिंतीला टेकून बसले होते, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. समोर सदू. मधे एकच ताट, भात आणि बांगड्याचं तिखलं. डाव्या हाताने कामं करायची सदूला चार वर्षांची सवय होती, परबांना पंधरा दिवसांची. सदू डाव्या हाताच्या दोन बोटांनी बांगड्याचे काटे काढत होता आणि सोललेला मासा भावाच्या बाजूला सरकवत होता. तोंडाने शिव्या चालू होत्या. "गिळ मेल्या. एक मासो सोलूक येणा नाय, आणि म्हणे ऑपरेटर!"

"काटो रवलो हा यात," परब म्हणाले.

"मगे काढ तू! काढ!"

मी उंबऱ्यात उभी होते. परबांनी सदूच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. ओठावरची जखम अजून पुरती भरली नव्हती, म्हणून त्यांना नीट हसता आलं नाही.

"बाई," ते म्हणाले, "तिसरं रीळ."

मी पत्र पर्समधून काढलंच नाही. त्या दिवशी निघताना एवढंच विचारलं, "त्या खुर्चीवाल्याला मारलं का नाहीत? एका फटक्यात आडवा झाला असता." परब म्हणाले, "सदू बघत होता ना."

हात बसला तो वाकडाच. पुन्हा मशीन चालवायची वेळ आली नाही. दोन वर्षांनी कावीळ होऊन ते गेले. मी भेटायला गेले तेव्हा सदूच्या बायकोने चहा दिला. मधली फळ्यांची भिंत काढलेली होती, फरशीवर तिची रेघ तेवढी राहिली होती. सदू म्हणाला, "प्लास्टर सुटला तरी मासो मीच सोलून देय. तो हात पुढे करी, मी हातावर फटको मारी. गप बस म्हणी."

मग त्याने विचारलं, "बाई, त्या पिक्चरात पुढे काय होतं? त्याने मला शेवटपर्यंत सांगितलं नाय."

मी चार ओळींत गोषवारा लिहिणारी बाई. मला एकच ओळ पुरली.

"काही नाही. दोघं भाऊ जेवतात."

"एवढंच?"

"एवढंच."

सदूने आपल्या वाकड्या हाताकडे बघितलं आणि डोळे पुसले. "मग लोकांनी खुर्च्यो फेकल्यानी ता काय चुकीचा नाय," तो म्हणाला.

मी वाद घातला नाही.